तीन रेघांचा वाँग

स्टॉकटन,
९ सप्टेंबर १९६२

सौलिन बाळा,

तू बरी असशील. मीही बरा आहे. गुडघा सकाळी कुरकुरतो, चालायला लागलं की गप्प बसतो. उन्हाळा अजून हटत नाही. काल इस्त्रीपाशी उभं राहवेना म्हणून दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसलो, तर शेजारच्या न्हाव्यानं कलिंगडाची फोड आणून दिली. त्याला वाटतं मी एकटा राहतो म्हणजे जेवत नसणार. जेवतो. भात आणि खारवलेला मासा, रविवारी कोंबडी.

तुझं नाताळचं कार्ड मिळालं होतं, उत्तर राहूनच गेलं. लायब्ररीत काम कसं चाललंय? ती जाड चष्म्याची मुख्य बाई अजून आहे, की आता तिच्या खुर्चीत तू बसतेस? मी चिनीतच लिहितो आहे. चार वर्षं तुला चिनी शाळेत घातलं होतं, अडलीस तर शब्दकोश तुझ्या हाताशीच आहे. मला इंग्रजीत कॉलरला खळ किती हवी एवढंच विचारता येतं.

दोन बातम्या आहेत.

मेरिसव्हिलचा बिंगचाँग मार्चमध्ये गेला. पोटात गाठ होती. दुकान त्याच्या बायकोनं एका पोर्तुगीज माणसाला विकलं आणि मागच्या दोन खोल्या स्वतःला राहायला ठेवल्या. मी अंत्यविधीला गेलो होतो. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं.

दुसरी बातमी माझी. जूनमध्ये मला परदेशी लोकांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसात, सॅन फ्रान्सिस्कोला बोलावणं आलं. कुणीतरी स्वतःचं खरं-खोटं सांगताना माझंही नाव सांगितलं होतं. आता सगळेच सांगायला लागलेत. तू मोठी होताना कानावर आलंच असेल की आपल्यातले बरेच जण दुसऱ्याच्या कागदांवर या देशात आले. इथं जन्मलेल्या माणसाचा मुलगा असाल तरच आत घ्यायचे. म्हणून ज्याला मुलगा नाही तो कागदावर मुलगा दाखवायचा आणि ती जागा विकायचा. मीही तसाच आलो, १९२१ साली, सतराव्या वर्षी. आपल्या घरात हा विषय कधी निघाला नाही, कारण मी निघू दिला नाही.

ऑफिसात एक तरुण साहेब होता आणि दुभाषी म्हणून चू नावाचे गृहस्थ. साहेबानं टाइपरायटरमध्ये कागद घातला.

"कागदावरचं नाव?"

"वाँग युकशान."

"खरं नाव?"

"वाँग दुनलाम."

त्यानं हात थांबवला. "आडनाव विचारतोय मी. खरं आडनाव."

"वाँग," मी म्हणालो.

"आणि खोटं?"

"वाँग."

त्यानं चूंकडे पाहिलं. चूंनी समजावलं, की दोन वेगळी आडनावं आहेत साहेब, उच्चार तेवढा एक. एक लिहायचं तर तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी, त्याचा अर्थ राजा. दुसऱ्याला वर गवताच्या काड्या आणि मध्ये मोठं पोट, त्याचा अर्थ पिवळा. दोन घराण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे जन्मानं तीन रेघांचे, आणि चाळीस वर्षं मोठ्या पोटाचे म्हणून राहिले.

साहेब हसायला लागला. वाईट माणूस नव्हता, हसू आलं म्हणून हसला. म्हणाला, "म्हणजे एवढी चाळीस वर्षं लपवाछपवी केलीत, ती वाँगचा वाँग होण्यासाठी? मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

मग त्यानं टाइप केलं. एका सकाळी सगळं उरकलं. मला परत पाठवणार नाहीत. सही करायला सांगितली तेव्हा मी तीन रेघा काढल्या, आणि हात सवयीनं पुढचं पोट काढायला निघाला, तो आवरला.

तेव्हा तूही जन्मानं तीन रेघांची वाँग आहेस. तुझ्या कागदांत काही बदलायचं कारण नाही, इंग्रजीत तेच स्पेलिंग. तुला आठवतं का, दुसरीत असताना तू रडत आली होतीस? वर्गातली मुलं तुला 'राँग' म्हणायची. मास्तरणीनं हजेरी घेतली की मागून सगळे 'राँग, राँग'. मी म्हणालो होतो, नाव म्हणजे नुसता आवाज असतो, सोडून दे. तू सोडलं नाहीस. पुढे लायब्ररीत लागलीस तेव्हा तो हातात न मावणारा इंग्रजी शब्दकोश उघडून बसलीस आणि जेवताना सांगितलंस, "बाबा, इंग्रजीतसुद्धा वाँग असा जुना शब्द होता. वाँग म्हणजे शेत." तुझी आई म्हणाली, "बरं झालं, निदान चुकीचे तरी नाही आपण." ती तशी क्वचित बोलायची.

तर एवढं कळवायचं होतं. या सगळ्यामुळे बाकी कशात काही फरक पडत नाही.

थंडी सुरू होईल, जपून राहा.

तुझे बाबा


स्टॉकटन,
३० सप्टेंबर १९६२

सौलिन,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ आहे. 'मग मेरिसव्हिलचे काका तुमचे कोण होते?'

पोस्टमन ते देताना म्हणाला, मुलीला लिहायला वेळ नाही वाटतं. मी ते गल्ल्याच्या मागे उभं करून ठेवलं. आठवडाभर गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना ते समोर येत होतं. मागच्या पत्रात मी शेवटचं वाक्य खोटं लिहिलं होतं, हे तू ओळखशील असं मला वाटलंच होतं. कदाचित ओळखावंस म्हणूनच ते पत्र टाकलं असेल. सरळ लिहायला मला कधीच जमलं नाही.

बिंगचाँग माझा कुणी नव्हता.

त्याच्या बापाचे कागद माझ्या बापानं विकत घेतले. त्या कागदांवर मी बिंगचाँगचा धाकटा भाऊ. बोटीनं आलेल्यांना सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका बेटावर अडवून ठेवायचे, तिथल्या लाकडी इमारतीत मला तीन आठवडे ठेवलं होतं आणि रोज विचारायचे. गावात घराचं तोंड कुठे, विहीर दारापासून किती पावलं, भाऊ कुठल्या खाटेवर झोपतो. मी त्याचं घर पाठ केलं होतं, कधी पाहिलं नव्हतं. त्यालाही तेच विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. मी सुटलो, तो मेरिसव्हिलला गेला, मी इथं आलो. एकमेकांना भेटायचं नाही असं ठरलं होतं. जेवढं भेटू तेवढं चुकू.

आता एल्डनबद्दल लिहायला हवं. बारा वर्षांत मी हे नाव कागदावर पहिल्यांदा लिहितो आहे.

तो कॉलेजसाठी स्टॉकटनला आला, ४८ साली. दर शनिवारी चार शर्ट घेऊन यायचा. चार शर्ट द्यायला कुणी दोन तास थांबत नाही, हे मला कळत होतं. तू लायब्ररीतून दीडला यायचीस आणि त्याला बरोब्बर एकला शर्टांची आठवण व्हायची. मला तो आवडायचा. गिऱ्हाइकाला कपड्यांचं पुडकं बांधून द्यायला पुढे व्हायचा, त्याला गाठ जमायची नाही, आणि मी नंतर सोडून पुन्हा बांधायचो. तुझी आई म्हणायची, "हा पोरगा आपल्या दोऱ्याचा सत्यानाश करणार."

४९ च्या सप्टेंबरात तुम्ही दोघं मिळून समोर उभे राहिलात. नुसता वाँग एवढंच त्याच्याबद्दल माहीत होतं, आणि वाँग तर रस्त्यावर दगड मारला तरी एखाद्याला लागतो. आईनं विचारलं, "कुठला वाँग रे? तीन रेघांचा की मोठ्या पोटाचा?"

त्यानं टेबलावर सांडलेल्या खळीत बोट बुडवून अक्षर काढलं. गवताच्या काड्या, मध्ये पोट. आपल्या दुकानाच्या पाटीवर होतं तेच. आईचा चेहरा उतरला. आपल्यात एका आडनावाची मुलं लग्न करत नाहीत, हजार वर्षांपूर्वीचा मूळपुरुष एक असला तरी नाही. तो म्हणाला, "काकू, इंग्रजीत असला काही प्रश्नच येत नाही. उलट सोयच आहे, सौलिनला लायसन्ससुद्धा बदलावं लागणार नाही." तू हसलीस. आईला मी डोळ्यांनी खुणावलं, की आपण कुठे मोठ्या पोटाचे. तिला माझं खरं आडनाव माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर परत रंग आला. त्या घटकेला मी तुम्हांला हो म्हणणार होतो. हे तू खरं मान किंवा मानू नकोस.

मग मी त्याला बापाचं नाव विचारलं.

"वाँग बिंगचाँग. मेरिसव्हिलला किराणा दुकान आहे."

मी म्हणालो, कपडे वाळत घालायचे आहेत, आणि मागच्या अंगणात गेलो.

दुसऱ्या दिवशी बसनं मेरिसव्हिलला गेलो. बिंगचाँग गोण्यांच्या मागे बसून सुकी कोळंबी निवडत होता. मला बघून त्यानं आधी दाराबाहेर पाहिलं. मी सगळं सांगितलं.

"पोरांना खरं सांगून टाकू," मी म्हणालो. "आपल्यात रक्ताचं काही नाही एवढंच. ती कुणाला बोलणार नाहीत."

"आज नाही बोलणार. नवरा-बायको झाल्यावर भांडणात बोलतील. आणि बोलली नाहीत तरी काय? लग्नाची नोंद होणार. फायलीत तू माझा सख्खा भाऊ. चिनी माणूस भावा-भावाची पोरं एकमेकांना देत नाही, हे त्या साहेबांना आता आपल्याइतकंच कळतं. पहिला प्रश्न विचारतील की दोघांतला खोटा कोण."

"मला पाठवतील. मी जाईन."

"तू जाशील? कुठे जाशील? तिकडे आता काय चाललंय ते वाचतोस ना? आणि तू एकटा नाहीस रे. माझ्या बापाच्या कागदांवर सात माणसं उभी आहेत. दोघांच्या बायका हाँगकाँगात बोटीची वाट बघतायत. एक कागद ओढला की सगळे पडतात."

"मग करायचं काय?"

त्यानं कोळंबी निवडणं थांबवलं नाही. "कागदावर जे आहे तेच खरं करायचं," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये मी ते मनात घोळवत आलो. बेटावर त्याचं घर पाठ केलं होतं तसंच.

तुला मी काय सांगितलं ते तुला पाठ असेल. बिंगचाँग माझा सख्खा भाऊ, आमचं गावी जमिनीवरून भांडण झालं म्हणून तोंड पाहत नव्हतो, एल्डन तुझा रक्ताचा भाऊ आहे. मोरीत गेलीस आणि तुला उलटी झाली. मला वाटलं लाजेनं झाली. तिसरा महिना चालू होता, हे आईला दहा दिवसांनी कळलं आणि मला त्यानंतर.

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. आई रोज म्हणायची, "सांग तिला. पोर झुरतेय, खाते ते ओकते, स्वतःच्या अंगाला हात लावायला घाबरते." मी म्हणायचो, सात माणसं. आई म्हणायची, "ती सात माणसं मला माहीत नाहीत. ही एक माहीत आहे."

एल्डन शेवटचा आला तो ऑक्टोबरात. शर्ट नव्हते. काउंटरच्या पलीकडे उभा राहून त्यानं विचारलं, "काका, हे खरं आहे?" आधी तो मला मिस्टर वाँग म्हणायचा. मी हो म्हणालो. त्याचे दोन शर्ट राहिले होते, ते बांधून दिले. त्या पुडक्याची गाठ मी नीट घट्ट मारली, कशासाठी कोण जाणे. पुढच्या आठवड्यात तो सैन्यात भरती झाला. मुलाचं त्याला कळवू नका असं तू म्हणाली होतीस. मला ते सोयीचं होतं. पुढल्या वर्षी कोरियात मारला गेला तेव्हाही त्याला माहीत नव्हतं. पेपरात नावांची यादी आली होती, त्यात तीन वाँग होते. तू बोट ठेवून एकेक वाचलंस, आणि जानेवारीत सिएटलला निघून गेलीस.

आता ओकलंडचं लिहितो. हे लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून दुकानाला कुलूप घातलंय. दुपारचे तीन वाजलेत, न्हाव्यानं दोनदा काचेवर टकटक केलं.

मिशनच्या बायकांच्या त्या घरात तू सतरा तास कण्हत होतीस. मूल झालं तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "मला दाखवू नका." मग थोड्या वेळानं आईला विचारलंस, "धड आहे का?" मी दारात होतो. आईनं माझ्याकडे पाहिलं. धड आहे म्हटलं असतं तर तू वळली असतीस, घेतलं असतंस, आणि मग ते कुणाचं, कसं, हे सगळं उघड्यावर आलं असतं. मी नको अशी मान हलवली. आई तुझ्या केसांवर हात ठेवून म्हणाली, "विसर आता." तू त्याचा अर्थ काय घेतलास ते मला तुझ्या पाठीवरून दिसलं. ती पाठ मी रोज पाहतो.

सौलिन, मुलगी होती. धडधाकट होती. मी तिची बोटं मोजली, हातांची आणि पायांची. रडणं असं की खालच्या मजल्यावर ऐकू जात होतं. कान पुढे आलेले, एल्डनसारखे. तुझ्यात किंवा त्याच्यात काही पाप नव्हतं, तुमचं रक्त एकमेकांना सात पिढ्यांत भेटलेलं नव्हतं. जे होतं ते सगळं माझ्यात आणि बिंगचाँगमध्ये होतं.

खाली मिशनची मिस ऑल्डरिच दत्तकाचा फॉर्म भरत होती. आडनाव विचारलं, मी सांगितलं. तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "छान झालं. जे जोडपं तिला नेणार आहे तेही वाँगच आहेत. बाळाच्या नावाला हातसुद्धा लावायला नको." मी विचारलं, कुठले वाँग? तिला प्रश्न कळला नाही. "कुठले म्हणजे? वाँग. डब्ल्यू, ओ, एन, जी." तिच्या भाषेत पुढे विचारायची जागाच नव्हती. मी सही केली.

बाळ महिन्याचं झालं त्या दिवशी तुझ्या आईनं दोन अंडी लाल रंगवली, घरात बाळ असतं तर वाटली असती तशी. एक माझ्यापुढे ठेवलं. मी खाल्लं नाही. तिनंही नाही.

चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू एक दिवस येऊन गेलीस. शेवटच्या आठवड्यात ती माझ्याकडून वचन घेत होती, की मी गेल्यावर तरी तिला लिही. मी दिलं. तेव्हा सरकार सांगतच होतं की स्वतःहून या, खरं सांगा, काही करणार नाही. बिंगचाँग नको म्हणाला आणि मी ऐकलं. खरं तर त्याचं निमित्त होतं. पाठवून देतील ही भीती केव्हाच संपली होती. भीती तुझी होती. सात माणसांपैकी पाच आता नातवंडं खेळवतायत, दोन मेली. त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही की त्यांच्यासाठी इथं काय झालं.

सॅन फ्रान्सिस्कोला गेलो की टेलिफोनच्या ऑफिसात बसून मी डिरेक्टरी काढायचो. वाँगांची पाच पानं आहेत. मी ती वाचत बसायचो. नुसत्या इंग्रजी अक्षरांवरून काही कळत नाही.

जुलैत न्हाव्याच्या मुलीकडून मिस ऑल्डरिचला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. काय लिहायचं ते सांगताना मला तिच्या तोंडाकडे बघवेना. उत्तर आलं ते सोबत जोडतो आहे. ती लिहिते की आजोबांना काही सांगता येत नाही, आईनं स्वतः येऊन विचारलं तर ती त्या घराला लिहून बघेल. डिसेंबरअखेर ते मिशन बंद होतंय, मग सगळे कागद कोर्टात सीलबंद होतील. म्हणून हे पत्र आत्ता. हेही लिहायला हवं. ती मुदत नसती तर मी अजूनही गुडघ्याबद्दल लिहीत राहिलो असतो.

माझ्यासाठी काही मागत नाही. तू जा.

वाँग दुनलाम


सिएटल,
२ डिसेंबर १९६२

बाबा,

तुमचं पत्र मी लायब्ररीच्या तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत वाचलं. तिथं कुणी येत नाही. काही अक्षरं अडली. शब्दकोशात बघितली, कारण चुकीचा अर्थ लागायला नको होता. लागलेला बरोबरच होता.

मी ओकलंडला गेले. मिस ऑल्डरिच आता फार म्हातारी झाली आहे, मला ओळखलं नाही. फाइल शोधायला तिला अर्धा तास लागला, कारण वाँगांचा आख्खा एक खण आहे. तिनं त्या घराला लिहिलं. तीन आठवडे मी तिथंच थांबले, मग उत्तर आलं. मुलीला सांगितलेलं नाही की ती दत्तक आहे, आणि ती मोठी होईपर्यंत सांगायची त्यांची इच्छा नाही. भेट नको म्हणतात. एक फोटो पाठवलाय. वाईट माणसं वाटत नाहीत.

समुद्रावरचा फोटो आहे. लोकरीचा स्वेटर, एक मोजा खाली घसरलेला, उन्हामुळे डोळे बारीक केलेत. हातात मेलेला खेकडा धरून कुणाला तरी दाखवते आहे. तिला चष्मा लागलाय.

त्या घरचे कुठले वाँग ते मी विचारलं नाही.

येताना मेरिसव्हिलला उतरले. एल्डनच्या आईला आयुष्यात पहिल्यांदा भेटले. त्या मागच्या खोलीत मटार सोलत होत्या. मी कोण ते सांगितलं, आणि मग बाकीचं सांगितलं. आपल्या नवऱ्यानं आणि तुम्ही काय ठरवलं ते त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही दोघं सख्खे भाऊ असंच त्यांनाही सांगितलं होतं. तेरा वर्षं त्यांना वाटत होतं की आपला मुलगा कसल्यातरी घाणेरड्या गोष्टीपासून पळून गेला आणि मेला. मी फोटो दिला. त्या चष्मा आणायला उठल्या, चष्मा डोळ्यांवरच होता. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कान." मटार दोघींनी मिळून सोलले. मी दोन दिवस राहिले.

५५ साली इथल्या एका माणसानं मला मागणी घातली होती. शाळेत शिकवायचा, चांगला होता. मी नाही म्हटलं, कारण मला वाटलं माझ्या अंगातून धड काही जन्मत नाही. हे तुम्हांला माहीत असावं म्हणून लिहिते आहे. याचं उत्तर नको.

आईवर मी फार रागावले होते. 'विसर' म्हणाली म्हणून. तिच्या अंत्यविधीला मी रडलेसुद्धा नव्हते. ते आता तिला कुणी सांगणार नाही.

फोटो तुम्हांला पाठवणार नाही. तुम्ही तिला पाहिलंय.

एप्रिलमध्ये, थडगी झाडायच्या दिवशी, मी आईकडे येईन. दुपारी येईन. तुम्ही सकाळी येऊन जा.

सौलिन